एक वार

"या पट्टीतल्या किती दिल्यात?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"नऊ," मिस्त्री म्हणाला. "रोज एक. न्याहारी झाली की लगेच. एकही दिवस चुकवला नाही."

हे सांगताना तो खुर्चीत जरा ताठ बसला. बायको जाऊन अजून तास झाला नव्हता. वॉर्डाच्या टोकाला, पडद्यामागे, नर्स तिचं शेवटचं आवरत होत्या. कागद भरायचे म्हणून तरुण डॉक्टरीणबाईंनी त्याला टेबलापाशी बसवलं होतं आणि घरची औषधं दाखवायला सांगितलं होतं. त्याने कापडी पिशवी टेबलावर उपडी केली. बीपीच्या गोळ्या, पित्ताची बाटली, मलमाची नळी आणि ही पिवळ्या गोळ्यांची पट्टी, दहातली एक उरलेली. निदान औषधपाण्यात तरी आपल्याकडून कसूर झाली नाही, हे कुणीतरी लिहून घ्यावं असं त्याला वाटत होतं.

डॉक्टरीणबाईंनी पट्टी उलटी केली, सुलटी केली. मग पेनाला टोपण लावलं.

"काका, रोज?"

"रोज."

"रोज द्या म्हणून कुणी सांगितलं?"

त्याने पाकीट पुढे सरकवलं. याच दवाखान्याच्या औषधखिडकीवर मिळालेलं, खाकी कागदाचं. त्यावर निळ्या शाईत ठसठशीत लिहिलेलं होतं: सांधे. १ गोळी. १ वार. खाऊन.

"एकवार," त्याने वाचून दाखवलं. "म्हणजे दिवसातून एकदा."

बाईंनी पाकीट उचलून स्वतः वाचलं. वयाने त्या त्याच्या मुलीएवढ्या असतील.

"काका, ही गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. एक वार ठरवायचा. सोमवार म्हणा, गुरुवार म्हणा. त्या वारी एक, मग पुढच्या आठवड्यात त्याच वारी दुसरी. म्हणून एक वार."

"म्हणजे ही दहा आठवड्यांची पट्टी?"

"हो."

"आणि मी नऊ दिवसांत..."

बाईंनी पट्टी टेबलावर ठेवली.

"तोंड आलं तिचं, ते यानं?"

"हो."

"ताप?"

"ताप, अंगावरचे डाग, सगळंच. रक्त तयार व्हायचंच थांबतं, काका." मग त्यांच्या तोंडून निघून गेलं, "चार दिवस आधी कळलं असतं तर उतारा होता याला." आणि त्यांनी घाईने कागद पुढे ओढला.

मिस्त्रीने एकेक वस्तू पिशवीत परत ठेवली. मलमाच्या नळीचं झाकण सैल होतं, ते घट्ट केलं. पट्टी आणि पाकीट बाईंनी ठेवून घेतलं.

"हे तुम्ही लिहिणार ना?" त्याने विचारलं.

"लिहावंच लागेल."

"लिहा. नऊ लिहा."

*

तो लिफ्टचा मिस्त्री. एकतीस वर्षं त्याने दुसऱ्यांच्या इमारतींमधल्या लिफ्ट दुरुस्त केल्या आणि स्वतः चार मजले जिने चढून घरी आला, कारण त्याच्या इमारतीला लिफ्ट नव्हती. बायको यावरून त्याची पाठ सोडायची नाही. "सगळ्या गावाला वरखाली करता, अहो, आणि बायकोला मात्र पायऱ्या," असं म्हणायची. चार पाहुण्यांसमोर त्याला 'आमचे मिस्त्री' म्हणायची आणि दोघंच असले की 'बहिरोबा', कारण मोटारींच्या आवाजात आयुष्य गेल्याने त्याला ऐकू कमी यायचं. "दोनवार हाक मारली तरी ढिम्म," हे तिचं रोजचं वाक्य. तिच्या माहेरी असंच बोलत. चहा दोनवार, केर एकवार, देवाला दिवा दोनवार. लग्नानंतर तेच त्याच्याही तोंडात बसलं.

वर्षभरापासून तिचे हाताचे सांधे सुजत होते. आधी डब्याचं झाकण उघडेना, मग साडीची पिन लागेना. एके दिवशी तिच्या हातातून भरलेलं पातेलं सुटलं. ती हसत म्हणाली, "तुमच्या लिफ्टसारखी मी पण मध्येच अडकायला लागले." मग मात्र तो तिला गुरुवारच्या सांध्यांच्या बाह्यरुग्ण विभागात घेऊन गेला. तिथल्या डॉक्टरांनी नीट तपासलं, रक्त काढलं, गोळी लिहून दिली. त्यांचं अक्षर त्याला लागलं नाही. कुणाचंच लागत नव्हतं. म्हणून सगळे खिडकीवर विसंबून.

औषधखिडकीला जाड काच होती. काचेला छातीच्या उंचीवर चार भोकं. बोलायचं तर कमरेत वाकायचं आणि ऐकायचं तर भोकाला कान लावायचा. मागे रांग, रांगेत रडणारी पोरं. काचेपलीकडच्या बाईंनी कपाटातून पट्टी काढली, पाकिटात सरकवली.

"वारवाली आहे ही. एक वार. चुकवू नका."

तिथले लोक त्या गोळीला वारवाली म्हणत, हे त्याला फार पुढे कळलं. त्या दिवशी त्याला त्यातलं शेवटचं तेवढं ऐकू आलं.

"एकवार?" त्याने विचारलं.

"हो, एक वार. पुढचे या."

तो समाधानाने बाजूला झाला. त्याच्या धंद्यात नियमच होता की सांगितलेलं परत म्हणून दाखवायचं आणि समोरच्याने हो म्हटल्याशिवाय बटणाला हात लावायचा नाही. त्याने परत म्हटलं होतं. बाईंनी हो म्हटलं होतं.

डॉक्टरांनी चिठ्ठीवर चारच गोळ्या लिहिल्या होत्या, महिन्याच्या चार. पण खिडकीवर पट्टी कापत नसत. कापलेल्या पट्टीवर औषधाचं नाव अर्धवट राहतं, मग उरलेली कुणाला देता येत नाही. म्हणून दहाच्या दहा हातात पडल्या. चारच मिळाल्या असत्या तर पाचव्या दिवशी तो परत खिडकीवर गेला असता आणि बाई ओरडल्या असत्या.

सहाव्या दिवशी तिचं तोंड आलं. "तिखट जास्त झालं असेल," तो म्हणाला. सातव्या दिवशी पाणीही झोंबायला लागलं. आठव्या दिवशी अंग तापलं, दंडावर कुणी चिमटे काढल्यासारखे जांभळे डाग दिसले, आणि दुपारी त्याने तिला रिक्षात घालून दवाखान्यात आणलं. भरती करणाऱ्याने विचारलं, "काही औषधं चालू आहेत?"

"बीपीची आणि सांधेदुखीची."

त्याने लिहिलं, बीपी, सांधेदुखी. कुठली गोळी, किती, कधीपासून, हे विचारलं नाही. मिस्त्रीच्या मागे पुढच्या पेशंटचं स्ट्रेचर उभं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मिस्त्रीने वॉर्डातल्या नर्सला विचारलं, "सिस्टर, घरच्या गोळ्यांचं काय करू?"

"घरची औषधं तुमची तुम्हीच देत जा. आमच्या यादीत नाहीत ती," नर्स सलाईन लावता लावता म्हणाली.

त्याने पट्टीतली नववी काढली. बायकोने मान फिरवली. ओठ सुजले होते, धड बोलता येत नव्हतं.

"नको. जळतं."

"अगं, एकवारच तर आहे. गिळून टाक. बरं व्हायचंय ना?"

त्याने चमच्यात गोळी विरघळवली आणि तिला पाजली. दहाव्या दिवशी तिला चमचाही गिळता येईना, म्हणून दहावी राहिली. बाराव्या दिवशी सकाळी ती गेली.

*

महिन्याने दवाखान्यातून पत्र आलं. चौकशी पूर्ण झाली आहे, सहीसाठी यावे. मुलगी म्हणाली, "मी येते. आणि बाबा, सही करून मोकळे व्हा. रोज तेच तेच नका उगाळू. मला ऐकवत नाही."

ती पहिल्या दिवशी एकदाच बोलली होती, "तुम्ही डॉक्टरांना विचारायचं ना, बाबा." त्यानंतर त्या विषयावर ती बोलली नाही. तोही नाही. ती येई, भाजी निवडून ठेवी, निघून जाई.

मोठ्या साहेबांची खोली तिसऱ्या मजल्यावर होती. साहेब वाईट माणूस नव्हते. त्यांनी चहा मागवला, स्वतः उठून पंखा कमी केला आणि कागद त्याच्यासमोर ठेवला. मिस्त्रीने चष्मा लावून सावकाश वाचलं. कारण: रुग्णाच्या पतीची समजुतीतील चूक. कार्यवाही: संबंधितांस समज देण्यात आली.

"संबंधित म्हणजे कोण?"

"खिडकीवरच्या बाई."

"समज दिली म्हणजे दम भरला."

"तसंच काही नाही. लेखी समज दिली आहे."

"समज कमी मला पडली आणि दिली त्यांना," मिस्त्री म्हणाला. मुलीने त्याच्याकडे चमकून पाहिलं. "आणि पाकीट?"

"पाकिटाचं काय?"

"पाकिटावर काय लिहितात आता?"

साहेबांनी चहाचा कप बाजूला ठेवला. "मिस्त्री, तुमचं दुःख मला समजतं. पण गेलेलं माणूस काही परत येत नाही. जाऊ द्या आता."

"तेवढं म्हणू नका, साहेब."

"काय?"

"जाऊ द्या म्हणू नका. आमच्यात म्हणत नाहीत."

मुलगी खाली बघायला लागली. तिला ती गोष्ट ठाऊक होती. मिस्त्री कधी फार बोलत नसे, पण त्या दिवशी बोलला.

"बावीस वर्षं झाली. सहा मजली इमारत. आमच्यातला एक जण, लंबू म्हणायचो आम्ही त्याला, लिफ्टच्या टपावर उभा राहून काम करत होता. वर मोटारीपाशी दुसरा. मी चौथ्या मजल्याच्या दारात. लंबूच्या हातातून नट पडला. शोधला, सापडेना. तो आपला स्वतःशीच म्हणाला, जाऊ दे. म्हणजे मरू दे तो नट. वरच्याला वाटलं, लिफ्ट जाऊ दे. त्यानं दाबलं बटण."

साहेब ऐकत होते.

"कंपनीनं त्या वरच्याला काढून टाकलं. सगळ्यांना वाटलं, झालं, मिटलं. चार महिन्यांनी दुसऱ्या इमारतीत पुन्हा तेच. माणसं दुसरी, शब्द तोच. त्या खेपेला एकाचा हात गेला. तेव्हा आमचा म्हातारा सुपरवायझर होता, त्यानं सगळ्यांना गोळा केलं. म्हणाला, माणसं बदलून बघितली. आता शब्द बदला. त्या दिवसापासून कामावर जाऊ दे बंद. चालव आणि थांब, दोनच शब्द. चुकून कुणी जाऊ दे बोललाच, तर त्याला त्या दिवशी कामाला हात लावू देत नसत. तेव्हापासून आमच्याकडे असा एकही माणूस गेला नाही."

"लिफ्टचं वेगळं असतं, मिस्त्री. इथं रोज बाराशे माणसं येतात."

"लिफ्टमध्ये पण येतात, साहेब."

मग साहेब जरा पुढे झुकले. "तुमचं म्हणणं तरी काय आहे?"

"पाकिटावर वाराचं नाव लिहा. सोमवार तर सोमवार. अख्खं नाव. आणि चार लिहिल्या तर चारच द्या. बस."

"पाकिटाचा नमुना वरून ठरून येतो. मला बदलता येत नाही. मी सूचना पाठवू शकतो."

"पाठवली?"

"आधी हे प्रकरण बंद व्हायला हवं. तुमची सही झाली की मग वेगळी सूचना."

मिस्त्रीने चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. "साहेब, माझी चूक मी नाही म्हणत नाही. नऊच्या नऊ मी दिल्या. आठ घरी आणि एक इथं, तुमच्या वॉर्डात, तुमच्या सिस्टरला विचारून. ती नको म्हणत होती तरी दिली. हे सगळं लिहा, मी खाली सही करतो. फक्त त्याखाली एक ओळ घाला, की पाकिटावर वाराचं नाव लिहिलं जाईल."

साहेबांनी कागद उचलून पाहिला, जणू ती ओळ कुठे मावते का ते बघत होते. "नमुन्यात अशी ओळ नाही," ते म्हणाले.

"मग सही नाही."

जिना उतरताना मुलीने त्याचा दंड धरला. कितीतरी दिवसांत धरला नव्हता.

"वॉर्डातली मला ठाऊक नव्हती," ती म्हणाली.

"हो."

"आई नको म्हणाली?"

"जळतं म्हणाली."

दोन पायऱ्या उतरून ती थांबली. मग म्हणाली, "सावकाश उतरा, बाबा. कठडा धरा."

*

दुसऱ्या मजल्यावर एक बाई धापा टाकत मागून आल्या. "अहो मिस्त्री. थांबा जरा. ओळखलंत?"

त्याने ओळखलं नाही. काचेआडून त्याने त्यांचा अर्धा चेहराच पाहिला होता.

"खिडकीवर मी होते." बाई पन्नाशीच्या, हातात फायलींचा गठ्ठा. "आता खाली गोदामात असते. खोकी मोजते."

मुलीचा हात घट्ट झाला. मिस्त्रीलाही वाटलं, आता आपल्याला राग येईल. तो वाट बघत राहिला.

"तुम्ही विचारलं होतंत मला," बाई म्हणाल्या. "एकवार का म्हणून. मला आठवतंय. माणसं विचारत नाहीत, घेतात न् जातात. तुम्ही विचारलंत आणि मी हो म्हटलं."

"हो."

"मी हो म्हटलं हो." त्यांनी गठ्ठा एका हातातून दुसऱ्या हातात घेतला. "एकोणीस वर्षं एक वार, एक वार म्हणत आले. दिवसाला चाळीसदा. माझ्या कानाला त्याचा दुसरा अर्थ कधी लागलाच नाही."

"तुमचं हो बरोबर होतं, बाई," मिस्त्री म्हणाला. "आणि माझंही."

"खिडकीवर जी नवीन आलीय, तिला मी सांगितलं, बाई गं, वार लिहीत जा. तर म्हणते, नमुन्याबाहेर काही लिहायचं नाही असा कागद आलाय, मला नाही समज घ्यायची. तिचं तरी काय चुकलं?" त्यांनी डोळे पुसले नाहीत, हात मोकळेच नव्हते. "एवढंच सांगायचं होतं."

त्या खाली निघून गेल्या. राग आलाच नाही. आला असता तर बरं झालं असतं, असं त्याला पुढे कित्येकदा वाटलं.

*

पुढच्या गुरुवारी मिस्त्री खिडकीजवळ जाऊन उभा राहिला. आता तो निवृत्त होता, वेळच वेळ होता. पिवळी पट्टी घेऊन कुणी बाजूला झालं की तो विचारायचा, "वार कुठला धरलाय?" बहुतेकांना ठाऊक असायचं. कुणी म्हणायचं, शनिवार. कुणी म्हणायचं, तुम्हाला काय करायचंय? पहारेकऱ्याने दोनदा हटकलं, "काय काका, औषधं विकता की काय?"

"विकत नाही, फुकट पिडतो," मिस्त्री म्हणाला. पहारेकरी हसला आणि त्या दिवशी त्याने उभं राहू दिलं.

तिसऱ्या गुरुवारी एक बाई आल्या. डोक्यावरून पदर, बोटं वाकडी झालेली, सोबत कुणी नाही.

"मावशी, ही गोळी कुठल्या वारी घ्यायची?"

"वार कसला? रोज एकवार," त्या म्हणाल्या. "खाऊन."

त्याने त्यांना परत खिडकीपाशी नेलं, रांग मोडून. लोक ओरडले. नव्या बाई काचेमागून वैतागून म्हणाल्या, "आठवड्यातून, आठवड्यातून! सांगते की मी सगळ्यांना. ऐकतं कोण?" त्याने खिशातलं पेन काढलं, पाकीट भिंतीला धरलं आणि त्यावर मोठ्या अक्षरात लिहिलं, शुक्रवार. खाली लिहिलं, फक्त शुक्रवार. मावशींना तीनदा म्हणायला लावलं. तिसऱ्यांदा त्या चिडून म्हणाल्या, "शुक्रवार, शुक्रवार. बहिरी नाहीये मी." तो हसायला गेला आणि त्याला हसता आलं नाही.

त्यानंतर दवाखान्याचं दुसरं पत्र आलं. रुग्णांच्या औषधांच्या पाकिटांवर अनधिकृत मजकूर लिहिल्याचे निदर्शनास आले आहे. आवारात विनाकारण थांबू नये. पत्राखाली मोठ्या साहेबांची सही होती. त्याच लिफाफ्यात चौकशीचा कागदही पुन्हा घातला होता. सहीच्या जागी पेन्सिलीने बारीक फुली केलेली.

मुलीने दोन्ही वाचले. "आता?" तिने विचारलं.

"आवाराबाहेर थांबायला मनाई नाही," मिस्त्री म्हणाला.

"उन्हात?"

"टोपी घालीन."

आता तो गुरुवारी फाटकाबाहेर उभा असतो. मुलगी सुट्टी मिळेल तेव्हा येते आणि मागच्या फाटकाशी थांबते. दवाखान्याला तीन फाटकं आहेत. तिसऱ्यापाशी कुणी नसतं. कागदावर त्याची सही झालेली नाही, आणि खिडकीवर आजही पाकिटावर '१ वार' एवढंच लिहून देतात.